अंधारातली वही



चित्रपट बघताना मांडीवर वही ठेवून अंधारातच लिहायची मला सवय आहे. घरी येऊन वही उघडावी, तर ओळी एकमेकींवर चढलेल्या. निम्मं लागतं, निम्मं लागत नाही. न लागलेलं मी सोडून देतो. (माझ्या कवितांचंही असंच होतं, असं आमच्या घरात म्हणतात.)

मी मूळचा कविता लिहिणारा. बी.ए.ला मराठी घेतलं, तेव्हा नातेवाइकांना नवल वाटलं होतं. पुढे एका छोट्या सांस्कृतिक मासिकासाठी चित्रपटांवर लिहू लागलो. हे मासिक वर्गणीदारांच्या जिवावर चालतं. मानधनाचं पाकीट कधी येतं, कधी राहून जातं. अंक हाती पडेपर्यंत चित्रपट थिएटरातून उतरलेला असतो. आधी याची खंत वाटे, मग ध्यानात आलं की हाच आपला फायदा. शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाला शनिवारी तारे वाटायचे, म्हणजे तिकीट काढावं की नाही एवढंच सांगायचं. आमच्याकडे ते काम नाही. चित्रपट पाहून आलेल्या माणसाशी आम्हाला बोलायचं असतं. मराठीत ही वाट नवी नाही. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाचं 'वास्तव रूपवाणी' आहे, अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं १९८५चं पुस्तक आहे. ते वाचून मला पहिल्यांदा कळलं, की कॅमेरा कुठे ठेवलाय यावरही माणूस पानंच्या पानं लिहू शकतो आणि ती कंटाळवाणी होत नाहीत.

सुरुवातीला संपादकांचा फोन आला की मी ओळखायचो, कुठल्या तरी चित्रपटात निकाह आहे किंवा दंगल आहे. "शेखसाहेब, हे तुम्हीच लिहायला हवं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सईद मिर्झांच्या १९९५च्या 'नसीम'वर मी आनंदाने लिहिलं. १९९२ सालची मुंबई, जूनपासून डिसेंबरपर्यंतची. कैफी आझमींनी त्यात आजोबांचं काम केलंय. फाळणीत आपण पाकिस्तानात का गेलो नाही, असं मुलगा विचारतो, तेव्हा आजोबा आग्र्याच्या घराजवळच्या झाडाचं कारण सांगतात. तुझ्या आईला ते फार आवडायचं म्हणून. सहा डिसेंबरला हे आजोबा जातात. मी त्या झाडाबद्दलच लिहिलं. पण असे तीन-चार लेख झाल्यावर मी संपादकांना म्हणालो, "अहो, मला डुकरावरचा चित्रपट द्या की!"

ते क्षणभर गप्प झाले. मग हसले.

२०१४च्या फेब्रुवारीत नागराज मंजुळेंचा 'फँड्री' लागला होता. मंजुळे आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि तेही कवी. मी संध्याकाळच्या खेळाला गेलो. शेवटी जब्या दगड भिरकावतो त्यावर सगळ्यांनी लिहिलं, मीही लिहिलं. माझी अडचण त्याआधीच झाली होती. जब्या आणि त्याच्या घरचे शाळेजवळ डुकरामागे धावतायत. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर काही थांबत नाही.

थिएटर हसलं. माझ्याही ओठांवर हसू आलं, आणि त्याच वेळी पाय उठायच्या तयारीला लागले. आपल्याकडे खेळाआधी राष्ट्रगीत होतं, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी उभा राहतो. उभं राहायला मला आवडतंच. पण सगळ्यांच्या आधी, ही माझी जुनी खबरदारी. आता पडद्यावरच्या शाळेत लागलंय, तर उठायचं की बसून राहायचं? मी आजूबाजूला पाहिलं. कुणी उठलं नव्हतं. मी बसलो. दोन-तीन सेकंदांचीच गोष्ट. पण भोवती पाहत उभा असलेला तो पोरगा मला तेव्हा जेवढा जवळचा वाटला, तेवढा आख्ख्या चित्रपटात वाटला नाही.

वहीत हे सगळं स्वच्छ अक्षरात होतं. लेखात मात्र घेतलं नाही. छायाचित्रणावर लिहिलं, डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर आणि फुले दिसतात त्यावर लिहिलं. सगळं बरोबर होतं. लेख पाठवला आणि दोन दिवसांनी फोन आला.

"शेखसाहेब, राष्ट्रगीताच्या प्रसंगावर चारच ओळी? इथे तुम्ही काही गाळलंय का?"

मी म्हणालो, "ते समीक्षेत बसत नाही."

"तुम्ही कुठे बसला होतात, ते तरी लिहा," ते म्हणाले.

रात्री तो परिच्छेद लिहिला. सकाळी फाडला, दुपारी पुन्हा लिहून पोस्टात टाकला. छापून आल्यावर आठ दिवस मला रस्त्यात कुणी हाक मारली की धस्स होई. कुणी काही बोललं नाही. महिन्याभराने एका वर्गणीदाराचं पोस्टकार्ड आलं. चित्रपट आपल्याला आवडला नाही, फार संथ वाटला, असं लिहून खाली त्यांनी लिहिलं होतं : 'त्या जागी मी मोठ्याने हसलो होतो. शेजारी कोण बसलंय, ते पाहिलं नव्हतं.'