साबणाची वडी आणि तीन चित्रं

आम्ही शेवगाव तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज आपण एखादी वस्तू कागदावर अशी काढायला शिकू, की कागद पाहूनच वेल्डिंगवाल्याला किंवा गवंड्याला सगळं कळावं. त्यासाठी चित्रकला यायला हवी असं नाही. रांगोळीचे ठिपके ओळीत मांडता येतात ना? मग हेही जमेल. जवळ घ्या धुण्याच्या साबणाची एक वडी, सुरी, पट्टी, पेन्सिल आणि पोरांची चौकटीची वही.

याची गरज का पडली ते आधी सांगतो. प्रदर्शनात लोणच्याच्या बरण्या मांडायला दोन पायऱ्यांचा लोखंडी स्टँड लागतो. एका गटाने तो तोंडी सांगून करून घेतला. पायरी निघाली सहा इंचांची, तिच्यावर मोठी बरणी बसेना. गट म्हणाला, आम्ही फूटभर सांगितली होती. कारागीर म्हणाला, मी ऐकलं तसं केलं. कागदच नव्हता, मग निवाडा कशावर करायचा? पैसे मात्र गटाचे गेले. म्हणून आमचा स्टँड आम्ही आधी वहीत काढला.

आता साबण घ्या. वडी आडवी ठेवा, लांब बाजू आपल्याकडे. आपल्याकडची वरची कड लांबीभर कापून काढा, अर्ध्या रुंदीची आणि अर्ध्या जाडीची. झाली पायरी. हाच आपला स्टँड समजा. खऱ्या स्टँडची मापं अशी: रुंदी ३ फूट, खोली २ फूट, मागची उंची ३ फूट, पुढची पायरी दीड फूट उंच आणि १ फूट खोल. वहीतला एक चौकोन म्हणजे ३ इंच धरा. मग ३ फुटांना १२ चौकोन, २ फुटांना ८, दीड फुटाला ६.

पहिलं चित्र समोरून. एक डोळा मिटा आणि दुसरा साबणाच्या अगदी समोर आणा. पैठणचा रस्ता लांब जाताना निमुळता दिसतो, तसं इथे काढायचं नाही. मागची कड पुढच्या कडेइतकीच काढायची. १२ चौकोन रुंद, १२ चौकोन उंच असा चौरस काढा आणि मधोमध एक आडवी रेघ मारा. ती रेघ म्हणजे पुढच्या पायरीची कड.

दुसरं चित्र वरून. १२ चौकोन रुंद, ८ चौकोन खोल. इथेही मधोमध आडवी रेघ येते.

आता थांबून बघा. दोन्ही चित्रांत चौकट आणि एक रेघ, बाकी काही नाही. नुसतं समोरचं चित्र दिलं तर ती पायरी आहे, की सपाट पत्र्यावर मारलेली पट्टी आहे, हे कोण सांगणार? ते सांगतं तिसरं चित्र, बाजूने पाहिलेलं. डाव्या बाजूने बघा. मागचा भाग उंच, उजवीकडे पायरी खाली उतरलेली. आता कुणाला शंका राहत नाही. एका चित्रावर काम सोपवायचं नाही, ते यासाठीच.

चित्रं मांडायचीही रीत आहे. समोरचं वर, वरून पाहिलेलं त्याच्या बरोबर खाली, आणि डावीकडून पाहिलेलं समोरच्याच्या उजवीकडे. आपल्या देशात हीच पद्धत आहे, आयटीआयमध्येही हीच शिकवतात. अमेरिकेत मांडणी याच्या उलट असते. अशी मांडली की तपासणी सोपी होते. समोरच्या आणि वरच्या चित्रात रुंदी एकच हवी. समोरच्या आणि बाजूच्या चित्रात उंची एकच हवी. वरच्या आणि बाजूच्या चित्रात खोली एकच हवी. कुठे जुळलं नाही तर खोडरबर घ्या. वहीतली चूक फुकटात सुधारते, लोखंडातली नाही.

स्टँडच्या आत फळी असेल आणि पुढच्या पत्र्यामुळे ती दिसत नसेल, तर ती तुटक रेघेने दाखवायची. डोळ्यांना दिसते ती कड सलग, झाकलेली तुटक. मापं चित्राशेजारी लिहा, आणि फूट, इंच की मिलिमीटर हेही लिहा. कारागीर सुतात बोलला तर लक्षात ठेवा, ८ सूत म्हणजे १ इंच.

ही विद्या एके काळी कुलुपात होती. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गॅस्पार मोंज यांनी किल्ल्यांच्या बांधकामासाठी हिची नीट रीत बसवली. तिथल्या सैन्याने ती बरीच वर्षं गुपित ठेवली. १७९५ साली मोंज यांनी पॅरिसमध्ये ती उघडपणे शिकवली. आज आपली पोरं इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला घनभूमिती म्हणून याच घराण्यातलं काहीतरी शिकतात. घरात असं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा.

आणि हे फक्त स्टँडपुरतं नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला स्वयंपाकाची जागा धरून किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट लागतात. गवंडी प्लॅन दाखवतो. प्लॅन म्हणजे वरून पाहिलेलं चित्र. त्यात ओटा कुठे आहे ते दिसतं, किती उंच आहे ते दिसत नाही. खिडकी कुठल्या भिंतीला आहे ते दिसतं, धूर बाहेर जाईल इतकी वर आहे का ते दिसत नाही. फळीला आपला हात पोचेल का, तेही नाही. ज्या उंचीवर आपली कंबर जन्मभर वाकणार, ती उंची त्या कागदावर नसतेच. म्हणून गवंड्याला सांगायचं, "दादा, प्लॅन पाहिला. आता ओट्याच्या भिंतीचं समोरचं चित्र काढा, उंची लिहून." त्याला वेळ नसेल तर आपणच काढायचं. ओट्याची उंची ठरवताना उभं राहून, परातीत पीठ मळून बघा. हात कोपरातून आरामात वाकले पाहिजेत. ती उंची टेपने मोजा आणि चित्रात लिहा.

या आठवड्यात प्रत्येकीने घरातला पाट किंवा चौरंग तिन्ही बाजूंनी काढायचा. गटाच्या बैठकीत वह्या बदला आणि वस्तू न बघता नुसत्या चित्रावरून दुसरीने ती ओळखायची, मापंही सांगायची. तिला बरोबर सांगता आलं, तर कारागिरालाही कळेल. कामाच्या दिवशी कागदाच्या दोन प्रती करा, दोन्हीवर दोघांच्या सह्या घ्या. एक त्याच्याकडे, एक गटाच्या फाइलला.