शेतमालाचा ऑनलाइन लिलाव आणि विक्रीवरील कर
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा तो काळ आता मागे पडत आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम सुरू झाले आणि आपल्या बाजार समितीतल्या मालावर लांबचा व्यापारी संगणकावरून बोली लावू लागला. त्याबरोबर एक शंकाही आली. विक्रीची नोंद सरकारी यंत्रणेत झाली, म्हणजे आता आपल्याला कर लागणार का? आज तेवढ्याच प्रश्नावर बोलतो.

१ जुलै २०१७ पासून मूल्यवर्धित कराच्या जागी वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आला. या कायद्याच्या कलम २३ नुसार स्वतः पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीपुरती नोंदणी करावी लागत नाही. विक्री कितीही लाखांची असो. शेतकरी कोण, हेही कायद्याने सांगितले आहे. जी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब स्वतःच्या किंवा घरच्या श्रमाने, अथवा स्वतःच्या वा घरच्यांच्या देखरेखीखाली मजुरांकडून जमीन कसते, ती शेतकरी. व्याख्येत भर कसण्यावर आहे, मालकीवर नाही. लिलाव तोंडी झाला की पडद्यावर, याने या व्याख्येत काही फरक पडत नाही.

खरा घोळ होतो तो वाळवलेल्या मालात. ताजी द्राक्षे करमाफ आहेत, बेदाण्यावर मात्र ५ टक्के कर आहे. ओली हळद करमाफ, वाळलेली हळद ५ टक्क्यांत. त्यामुळे आपला बेदाणा सौद्यात गेला की करही आपणच द्यायचा, असा समज पसरला होता. जीएसटी परिषदेच्या २१ डिसेंबर २०२४ च्या बैठकीत या मुद्द्याचा निर्णय झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परिपत्रक निघाले. शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर त्याच्यावर कर नाही. सांगली, तासगाव, सोलापूर, नाशिककडच्या बागायतदारांनी हे नीट लक्षात ठेवावे. एक लाखाच्या बेदाण्यावर ५ टक्के म्हणजे ५,००० रुपये होतात. पट्टीत हमाली-तोलाईच्या खाली जीएसटी म्हणून अशी वजावट दिसली, तर ती कशाची, हे लेखी विचारा. पुढे तोच बेदाणा विकताना नोंदणीकृत व्यापारी कर लावतो. ती त्याची आणि त्याच्या गिऱ्हाइकाची बाब आहे. उलट, आपणही नोंदणी नसताना बिलात कर लावून पैसे घेऊ नयेत. कायद्याने तशी मनाई आहे.

काही मालाची रीत वेगळी आहे. कच्चा कापूस, सालासकट काजू बी, तंबाखूची पाने आणि विडीची पाने शेतकऱ्याकडून नोंदणीकृत खरेदीदाराने घेतली, तर कर खरेदीदारानेच सरकारजमा करायचा असतो. विदर्भातला कापूसवाला आणि कोकणातला काजूवाला, दोघांनीही हे माहीत करून घ्यावे. खरेदीदार तेवढा भाव पाडून मागू शकतो, हे खरे. पण ती घासाघीस झाली, कर नव्हे.

आता सवलत कुठे संपते ते पाहू. शेजाऱ्याची हळद विकत घेऊन आपल्या राशीत घातली आणि लिलावाला लावली, तर तेवढा माल आपण पिकवलेला नाही. तो व्यापार झाला. शेतकरी उत्पादक कंपनीचेही तसेच. सभासद सगळे शेतकरी असले तरी कंपनी ही व्यक्तीही नाही आणि कुटुंबही नाही, म्हणून ही सवलत तिला मिळत नाही. कंपनी केवळ करमाफ माल विकत असेल तर नोंदणी नको. पण सोयाबीन, बेदाणा, वाळलेली हळद असा करपात्र माल असेल, तर आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेल्यावर नोंदणी घ्यावी लागते, आणि या उलाढालीत करमाफ मालाची विक्रीही मोजली जाते. करपात्र माल परराज्यात विकायचा असेल, तर ४० लाखांची वाट न पाहता आधीच नोंदणी लागते. ई-लिलावात बोली कुठल्या राज्यातली आहे, हे कंपनीच्या संचालकांनी म्हणूनच पाहावे. भाव चांगला आला या आनंदात ते पाहायचे राहून जाते.

हळदपूड, मसाले करून ऑनलाइन दुकानांतून विकणाऱ्या बचत गटांतील भगिनींनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. पूर्वी अशा दुकानातून करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि विक्री फक्त आपल्याच राज्यात असेल, तर पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, तेवढ्यावर माल विकता येतो. नोंदणी असलेल्यांच्या करपात्र विक्रीतून मात्र ऑनलाइन दुकान अर्धा टक्का कापून सरकारात भरते. १० जुलै २०२४ पूर्वी ते एक टक्का होते. ही रक्कम बुडत नाही. पोर्टलवर आपल्या खात्यात जमा दिसते आणि पुढच्या कर भरण्यात वापरता येते.