मधली वर्षं काय केलंत?

मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत असतानाच मी एका मुलाखतीला गेले. साहेबांनी विचारलं, "मधली दहा वर्षं काय केलंत?" तोंडातून निघालं, "काही नाही, घरीच होते."

घरीच? अहो, बारा जणींच्या बचतीचा हिशोब, बँकेच्या कर्जाचे कागद, थकलेल्या हप्त्यासाठी दारोदार फिरणं, हे कुणी केलं मग? ती नोकरी गेलीच.

पुढच्या मुलाखतीला गटाला विचारून कॅशबुक आणि इतिवृत्ताची वही पिशवीत घालून नेली. "या वयात शिक्षण कशाला?" असं विचारल्यावर सरळ सांगितलं, "काम येतं, पण अहवाल लिहिताना अडते." मॅडमनी वही मागून घेतली आणि थकबाकीबद्दलच विचारत राहिल्या. त्यावर तर मला तासभर बोलता येतं!