परमुलखातील रुग्णाची भाषा

काशीच्या राजा घाटाशी अमृतराव पेशव्यांचे नाव निगडित आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या यात्रेकरूस तेथे परकेपणा वाटत नाही. पाट्यांची लिपीही ओळखीची, देवनागरीच. परंतु तो आजारी पडला, की हीच ओळख त्याला चकवते.

आपण ज्यांना जुलाब म्हणतो, त्यांना हिंदीत दस्त म्हणतात. आपल्याकडे दस्त नोंदणी कचेरीत होतो! उलट हिंदीतील जुलाब म्हणजे रेचक औषध. पुडीवर ‘खाली पेट’ लिहिले असेल, तर ते औषध उपाशीपोटी घ्यावयाचे. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्याकडे भूल देतात. हिंदीत भूल म्हणजे चूक. पूर्वी भूल सोसली नव्हती, ही गोष्ट जिवाशी निगडित असते. ती तेथे ‘बेहोशी की दवा’ अशा शब्दांतच सांगावयास हवी.

समुद्रापलीकडे इंग्रजीही असाच दगा देते. आपले पॅरासिटॅमॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने मिळते. दोन निराळी औषधे समजून जो दोन्ही घेईल, त्याच्या पोटात दुप्पट मात्रा जाईल. आणि या औषधाचा अतिरेक यकृतास घातक ठरतो.

तेव्हा दुखण्याचे नाव सांगण्यापेक्षा नेमके काय होते, ते सांगावे. औषधाचे व्यापारी नाव नव्हे, तर मूळ द्रव्याचे नाव व मात्रा लिहून जवळ बाळगावी. संमतिपत्रातील प्रत्येक शब्द उमगल्यावाचून सही करू नये. अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्यात मात्र धोका आहे.