खतावणी हरवली तर



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी 'संगणकातील बुडालेली माहिती परत मिळविणे' हा विषय मी सुचविला, तेव्हा कार्यवाहांनी जरा काळजीनेच विचारले, "विषय रुक्ष तर होणार नाही ना?" त्यांची काळजी रास्त होती. परंतु हा प्रश्न मराठी माणसाला मुळीच नवा नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढील तीनशे वर्षांत नकलांवरून नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये, असे निक्षून बजावले. मला आज जे सांगावयाचे आहे, त्याचा गाभा या इशाऱ्यात आहे.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय, ते पाहू. आपल्या मंडळाचेच उदाहरण घ्या. एका वहीत सभासदांची नावे, दुसरीत वर्गणीच्या पावत्या, तिसरीत ग्रंथालयाची देवघेव. तिन्ही वह्यांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे सभासद क्रमांक. अशा परस्परसंबंधित कोष्टकांची शास्त्रशुद्ध मांडणी एडगर कॉड यांनी १९७० साली केली. तिलाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. बँका, रेल्वे, भविष्यनिर्वाह निधी, सर्वांची माहिती आज प्रायः याच स्वरूपात असते.

ज्यांनी जुन्या पद्धतीचे हिशेब लिहिले आहेत, त्यांना पुढचा भाग सहज समजेल. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहावयाचा आणि मग खतावणीत उतरवावयाचा, हा आपला जुना रिवाज. डेटाबेसही असेच करतो. प्रत्येक बदल तो आधी आपल्या रोजकीर्दीत, म्हणजे लॉगमध्ये नोंदवितो आणि मग मूळ कोष्टकात उतरवितो. त्यामुळे खतावणी जळाली, तरी मागची एखादी प्रत घेऊन तीवर त्यानंतरची रोजकीर्द क्रमाने चढविली, की खाते उभे राहते. अपघाताच्या आदल्या क्षणापर्यंतही आणता येते. अट एकच. रोजकीर्दीचे एकही पान गहाळ असता कामा नये. जेथे पान तुटले, तेथे ही वाट थांबते.

हे सारे सुरळीत चालले, तर अवजारे आपले काम करतात. प्रश्न येतो तो अवजारे हात टेकतात तेव्हा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका तंत्रज्ञाने चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० गिगाबाइटांचा चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक योजना कागदावर होत्या. नित्याचा बॅकअप पाहू गेले, तर कोठार रिकामे! बॅकअप घेणारी प्रणाली जुन्या आवृत्तीची होती आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळे बॅकअप निघतच नव्हता, आणि तसे कळविणारी पत्रे टपालयंत्रणाच नाकारीत होती. अखेर, त्याच तंत्रज्ञाने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. मधल्या काळातील नोंदी मात्र गेल्या. कंपनीने हे सर्व लपविले नाही. सुमारे ५००० प्रकल्प, ५००० अभिप्राय आणि ७०० नवे सभासद यांना झळ पोहोचली, असे तिने प्रांजळपणे जाहीर केले.

अशा वेळी करावे काय? पहिले काम म्हणजे हात थांबविणे. बिघडलेल्या डिस्कवर काही लिहू नये. तिची जशीच्या तशी नक्कल करावी आणि सारे प्रयोग त्या नकलेवर करावेत. दुसरे, ज्या आवृत्तीने डेटाबेस लिहिला गेला, तीच आवृत्ती वेगळ्या, रिकाम्या यंत्रावर उभी करावी. तरीही फाइल उघडेना, तर ती पानापानाने वाचावी. पोस्टग्रेस या प्रणालीत सामान्यतः ८ किलोबाइटांचे एक पान असते. दहा पाने सडली, तरी बाकीची वाचता येतात. खोडलेली ओळही तेथे लगेच नाहीशी होत नाही. सफाई होईपर्यंत ती जागेवरच असते. सूची, म्हणजे इंडेक्स, गेल्या तर चिंता नसावी. त्या मूळ नोंदींवरून पुन्हा बांधता येतात. शेवटी मेळ घालावा. प्रत्येक पावतीला सभासद आहे ना, बेरजा कागदी वह्यांशी जुळतात ना, हे ताडून पाहावे.

आणि इतके करूनही काही नोंदी मिळत नाहीत. येथे नाथांचा इशारा आठवावा. अंदाजाने रकाना भरण्याचा मोह फार मोठा असतो, कारण भरलेले कोष्टक पूर्ण दिसते. पण त्या एका ओळीमागे एखाद्या कामगाराची तीस वर्षांची पुंजी असते. रिकामी जागा दिसली, तर तो आपली जुनी पावती घेऊन येईल. खोटा आकडा दिसला, तर तो फसेल आणि कोणाला कळणारही नाही. म्हणून जे गेले, ते 'गेले' असेच लिहावे.

हे मी एन्नोरला सांगतो आहे, त्यालाही कारण आहे. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस खाडी, अशा चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसले आहे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी या किनाऱ्यावर आली. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई पुरात बुडाली. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या पुराबरोबर तेल खाडीत पसरले. येथे यंत्र आणि त्याची राखीव प्रत एकाच इमारतीत ठेवणे, म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच खिशात ठेवणे होय. शेजारी ठेवलेली, क्षणोक्षणी सारखी होत राहणारी जुळी प्रतही पुरेशी नाही, कारण चुकून पुसलेले तीतूनही त्याच क्षणी पुसले जाते.

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या नोंदी आपण संगणकावर घेऊ, तेव्हा एक प्रत गावाबाहेर असू द्या. आणि वर्षातून एकदा, गणेशोत्सवाच्या आधी, ती रिकाम्या यंत्रावर उभी करून पाहा. ज्या प्रतीवरून एकदाही काही परत मिळविले नाही, ती प्रत नव्हे. ती केवळ आशा होय.