एकदा बघून कळत नाही: म्हशाची जत्रा आणि एक कृष्णविवर

समजा, एखादा पाहुणा आयुष्यात एकदाच म्हशाला आला, आणि तोही नेमका पौष पौर्णिमेला. म्हसोबाच्या दर्शनाची रांग, बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे. घरी जाऊन तो सांगेल, "मुरबाडजवळ केवढी गर्दी असते हो!" दुसरा आला मे महिन्यातल्या भर दुपारी. तो म्हणेल, "तिथे तर चिटपाखरूही नाही." खोटं कुणीच बोलत नाहीये. दोघांनीही फक्त एकदाच बघितलंय.

आपल्या आकाशगंगेतल्या क्ष-किरण स्रोतांचंही असंच आहे. कृष्णविवर शेजारच्या ताऱ्यातला वायू ओढून घेतं. आत पडता पडता तो वायू इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. वायू कधी जास्त येतो, कधी कमी, तशी चमक बदलते. हे किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून लक्ष ठेवायचं तर उपग्रहच हवा.

आता एक खरी गोष्ट. १५ ऑगस्ट १९९२ ला रशियाच्या ग्रनात उपग्रहाला एक नवा स्रोत सापडला, जीआरएस १९१५+१०५. अंतर सुमारे २८ हजार प्रकाशवर्षं. असे स्रोत बहुतेक वेळा काही महिन्यांत विझतात. हा पठ्ठ्या विझेचना! आपल्या मुंबईच्या टीआयएफआरनेही १९९६ मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहावर उपकरणं पाठवून त्याची लुकलुक टिपली. कधी कधी तर याची चमक मिनिटभरात वर-खाली होते, अगदी ईसीजीच्या रेघेसारखी.

मग २८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट गेला. त्यात टीआयएफआरची उपकरणं, पुण्याच्या आयुकाचा सहभाग आणि आकाशावर फिरती नजर ठेवणारा इस्रोचा स्कॅनिंग स्काय मॉनिटर. आणि २०१८ मध्ये, तब्बल २६ वर्षांनी, तो स्रोत मंदावला. विझला का? नंतरच्या निरीक्षणांतून दिसलं की कृष्णविवराच्या आसपासच दाट वायूचा पडदा आलाय. म्हणजे दुकान चालूच होतं, फक्त शटर अर्धं खाली आलं होतं.

हे कळलं, कारण आधीची २६ वर्षं कुणी ना कुणी बघत होतं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो: सर्व्हर पडला आणि आधीचे लॉगच नसतील, तर नुसतं कपाळावर हात मारायचा. इथे तर सर्व्हर पुन्हा चालू करून बघायचीही सोय नाही. जो दिवस हुकला तो हुकलाच. आणि उपकरणं थकतात. ॲस्ट्रोसॅट ५ वर्षांसाठी बनवला होता, ती मुदत कधीच उलटली. त्याच्या लॅक्सपीसी या उपकरणातल्या तीन डिटेक्टरपैकी एक बंदही पडला. रोज तेच आकाश बघणं हे कंटाळवाणं काम. त्याची बातमी होत नाही. पण नवा पहारेकरी वेळेत गेला नाही, तर वहीत कोरी पानं राहतात.

दसऱ्याच्या सुमारास संध्याकाळी सातला म्हशाच्या माळावर उभे राहा. जवळपास डोक्यावर श्रवण तारा दिसेल. हात लांब करून एक मूठ पश्चिमेला सरका. तो स्रोत तिथेच आहे, डोळ्यांना दिसणार नाही. पण मोबाइलवर दिसेल! अवकाश स्थानकावरचं जपानचं मॅक्सी २००९ पासून दर दीड तासाला जवळपास सगळं आकाश बघतंय आणि त्याचे आलेख सगळ्यांना फुकट आहेत. त्यातली २०१८ ची उतरती रेघ स्वतः शोधा. सापडली की मला नक्की सांगा.