घाट उतरताना ब्रेक कसा लावायचा? मेंदूतला 'गाबा' आणि आपली घालमेल

(या भागाचं हे लिखित रूप. बोलले तसंच जवळपास ठेवलंय, फक्त मधले 'अं... अं...' काढलेत.)

हा भाग कोणी लोकलमध्ये उभ्याने ऐकत असेल, कोणी मेसच्या रांगेत, तर कोणी रात्री दीड वाजता अंथरुणावर पडून, झोप येत नाही म्हणून. आजचं बोलणं खास त्या शेवटच्यांसाठी आहे. आणि कोणी गाडी चालवत ऐकत असाल, तर मध्ये एक श्वासाचा प्रयोग आहे, तो तेव्हा करू नका. घरी जाऊन करा.

आधी माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे. एका खोलीत चौघी, चार कॉट आणि चार टेबललॅम्प. सकाळी सातला अभ्यासिकेत जायचं आणि रात्री अकराला परत यायचं. मध्ये टपरीवरचे पाच-सहा चहा. रात्री पुन्हा वाचायला बसायचं म्हणून एनर्जी ड्रिंकचा कॅन. जेवण वेळेवर नाही, चालणं फक्त अभ्यासिका ते मेस.

प्रिलिमच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. अभ्यासिकेत बसले होते आणि अचानक छातीत धडधड सुरू झाली. हाताला घाम, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना. मला वाटलं, संपलं, हार्ट ॲटॅकच आला. मैत्रिणीनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हा पॅनिक अटॅक होता. हृदय ठणठणीत आहे."

खोलीत परत आले तर शेजारच्या कॉटवरच्या ताईनं तिच्या डब्यातून एक छोटी गोळी काढून दिली. "घे गं, अर्धी घे. मी रोज घेते. मस्त झोप लागते."

मी घेतली. खरंच मस्त झोप लागली, आणि खरी गडबड तिथूनच सुरू झाली. ताईकडे परत येऊच. आधी बघू, ती गोळी डोक्यात नेमकं करते काय.

मेंदूचा ब्रेक

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात. त्यातली दोन रसायनं आजच्यापुरती लक्षात ठेवा. पहिलं ग्लुटामेट. हा ॲक्सिलरेटर. ग्लुटामेट आलं की पेशी उत्तेजित होते आणि पुढे निरोप पाठवते. दुसरं गाबा. पूर्ण नाव गॅमा-अमिनोब्युटिरिक ॲसिड. हा ब्रेक. गाबा पेशीच्या दारावर येऊन बसला की एक बारीक झडप उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी पटकन पेटत नाही. 'थांब जरा' असा त्याचा निरोप.

गाबा मेंदूत असतो हे 1950 साली कळलं. गंमत म्हणजे हा ब्रेक ॲक्सिलरेटरपासूनच बनतो! मेंदू ग्लुटामेटवर एका एन्झाइमची प्रक्रिया करून गाबा तयार करतो, आणि त्या एन्झाइमला काम करायला ब-6 जीवनसत्त्व लागतं. हे ध्यानात ठेवा, जेवणाच्या मुद्द्याला उपयोगी पडेल.

आता ती गोळी. ती बेन्झोडायझेपीन नावाच्या गटातली होती. या गटातलं पहिलं औषध 1960 मध्ये बाजारात आलं. या गोळ्या स्वतः गाबा नसतात, पण गाबा दारावर बसला की त्याचा परिणाम वाढवतात. म्हणजे ब्रेकवर अजून एक पाय. म्हणून अर्ध्या तासात सगळं शांत वाटतं.

मग वाईट काय त्यात? घाट उतरताना ड्रायव्हर काय सांगतो? सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरू नको, लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. मेंदूचंही काहीसं तसंच. रोज बाहेरून दाब मिळायला लागला की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो. मग तीच गोळी कमी पडते. आणि एके दिवशी अचानक बंद केली तर उतारावर ब्रेकशिवाय सुटल्यासारखं होतं.

ताईचं तेच झालं. परीक्षेत पेंग येऊ नये म्हणून तिनं आठवडाभर आधी गोळ्या एकदम बंद केल्या. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. हात थरथरायला लागले, आवाज सहन होईना, सारखी रडायची. शेवटी आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. ते रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले: "अशा गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते. हळूहळू कमी करायच्या, आणि तेही माझ्या देखरेखीखाली." पुढचे काही महिने डोस थोडा थोडा उतरवत ती बाहेर आली. ती परीक्षा मात्र हुकली.

म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. तुमच्यापैकी कोणी डॉक्टरांनी दिलेल्या अशा गोळ्या घेत असेल, तर माझं ऐकून बंद करू नका. योग्य वेळी, योग्य काळासाठी त्या उपयोगी असतात. आणि कोणी मैत्रिणीच्या डब्यातून घेत असेल, तर डॉक्टरांना खरं सांगा. लाजू नका.

आधी गळती थांबवा

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. पहिला मुद्दा नवीन काही करण्याचा नाहीच. जे ब्रेक सैल करतंय ते आधी कमी करा.

चहा-कॉफी. कॅफीन मेंदूत ॲडिनोसीन नावाच्या, झोप आणणाऱ्या रसायनाची जागा अडवतं. आणि शरीरातलं निम्मं कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. 250 मिलीच्या एनर्जी ड्रिंकमध्ये साधारण 75 मिलिग्रॅम कॅफीन असतं. रात्री अकराला प्यायले, तर पहाटे चारलाही जवळपास निम्मं अंगात. वर दिवसभराचे सहा चहा. मी म्हणायचे, "टेन्शनमुळे झोप येत नाही." अहो, झोप येऊच दिली नव्हती मी! चहा सोडा असं मी सांगणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही. फक्त दुपारी दोन-तीननंतर नको. आणि एकदम तोडू नका, डोकं दुखतं. रोज एक कप कमी करा.

दारू. "दोन पेग घेतले की रिलॅक्स वाटतं," असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. वाटतं, कारण दारूही गाबाचा परिणाम वाढवते. पण उतरताना मेंदू उलट्या बाजूला झुकतो. म्हणून पार्टीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाग येते, छाती धडधडते आणि काल आपण काय काय बोललो या विचारानं जीव खाली-वर होतो. ती तात्पुरती उसनवारी आहे, व्याजासकट फेडावी लागते.

झोप. बर्कलेच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं, की एका रात्रीच्या पूर्ण जागरणानंतर चिंतेची पातळी 30 टक्क्यांपर्यंत वाढू शकते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा ऐका.

आता प्रयोग

दुसरा मुद्दा, श्वास. आत्ता करूया. फोन बाजूला ठेवा, पाय जमिनीवर.

नाकानं श्वास आत घ्या. भरला? आता त्यावर अजून एक छोटा श्वास, नाकानंच. आणि आता तोंडानं हळू... अगदी सावकाश... पूर्ण सोडा. परत. आत... अजून थोडा... आणि सोडा. अजून तीनदा, तुमच्या तुमच्या गतीनं. मी गप्प बसते.

(साधारण अर्धा मिनिट शांतता)

कसं वाटलं? चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, व्हेगस नावाची नस ते काम करते. म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला 'धोका टळला' असा निरोप जातो. स्टॅनफर्डमध्ये 2023 साली हाच प्रकार रोज पाच मिनिटं, महिनाभर करून पाहिला. मूड सुधारण्यात तो ध्यानापेक्षाही थोडा सरस ठरला. आजी करायची तो भ्रामरीही याच कुळातला. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो.

तिसरा मुद्दा, योग. बोस्टनमध्ये 2007 साली एक छोटा अभ्यास झाला. नियमित योग करणाऱ्या 8 जणांनी तासभर आसनं केली, दुसऱ्या गटातल्या 11 जणांनी तासभर वाचन केलं. मेंदूचं स्कॅनिंग करून गाबा मोजला, तर योगवाल्यांमध्ये तो सरासरी 27 टक्क्यांनी वाढलेला. वाचनवाल्यांमध्ये बदल नाही. मग 2010 मध्ये त्याच संशोधकांनी 12 आठवडे योग आणि चालणं यांची तुलना केली. आठवड्यातून तीनदा, तासभर. मूड आणि चिंता दोन्हींत योगाचा गट पुढे. त्यात अय्यंगार पद्धतीची आसनं होती. म्हणजे बघा, बी. के. एस. अय्यंगारांची संस्था पुण्यातच, आमच्या खोलीपासून थोड्या अंतरावर, आणि आम्ही कॅन फोडत बसलेलो!

पण अभ्यास लहान आहेत, हेही लक्षात घ्या. 8-11 माणसांवरून 'योगानं चिंता बरी होते' असं छातीठोक म्हणता येत नाही. करून बघायला मात्र खर्च नाही, सतरंजी पुरते.

आणि आसनं नको असतील तर धावा, सायकल चालवा, जिने चढा. कॅलिफोर्नियात 2016 मध्ये दिसलं, की 8 ते 20 मिनिटांच्या दमवणाऱ्या व्यायामानंतर मेंदूच्या काही भागांत ग्लुटामेट आणि गाबा दोन्ही वाढतात. शिवाय आणखी एक फायदा आहे. व्यायामात छाती धडधडते, घाम येतो, आणि काहीच वाईट होत नाही. पॅनिकला घाबरणाऱ्या शरीरासाठी ही चांगली शिकवणी आहे.

ताटात काय?

आता तुमचा आवडता प्रश्न: "काय खाऊ?" मागच्या भागावर कितीतरी मेसेज आले, की ऑनलाइन गाबाच्या कॅप्सूल मिळतात, घेऊ का? खाल्लेला गाबा रक्तात गेला तरी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते. तिच्यातून तो फारसा पलीकडे जात नाही असंच मानलं जातं. तेव्हा पैसे वाचवा.

त्यापेक्षा कच्चा माल द्या. ब-6 मिळतं हरभऱ्यातून, केळ्यातून, बटाट्यातून, मासे आणि चिकनमधून. म्हणजे हरभऱ्याची उसळ आणि एक केळं, झालं काम. 2022 मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात रोज 100 मिलिग्रॅम ब-6 दिल्यावर तरुणांना चिंता थोडी कमी वाटली. पण तो डोस जेवणातून मिळणाऱ्या ब-6च्या कितीतरी पट होता, आणि जास्त ब-6 दीर्घकाळ घेतलं तर नसांना इजा होते. म्हणून गोळ्या स्वतःच्या मनानं नकोत, उसळ मनसोक्त खा. मॅग्नेशियमसाठी बाजरीची भाकरी, शेंगदाणे, पालक, भोपळ्याच्या बिया.

दही-ताक? आयर्लंडमध्ये 2011 साली उंदरांना एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस खाऊ घातला, तर मेंदूतल्या गाबाच्या दारांमध्ये फरक पडला आणि उंदीर कमी घाबरट झाले. व्हेगस नस कापली तर परिणाम गायब. भारी आहे, पण ते उंदीर होते. ताक प्या, पोटाला चांगलं आहे. त्यानं पॅनिक थांबेल अशी आशा मात्र धरू नका.

आणि अश्वगंधा. 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या आणि झोपेच्या औषधांशी ती भिडू शकते, गरोदरपणात नकोच. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून.

आणि एवढं करूनही...

सगळी घालमेल गाबामुळेच होते असंही नाही. परीक्षा, नोकरी, घरचे पैसे, लग्नाचा विषय, ही कारणं खरी असतात. केळं खाऊन ती सुटत नाहीत. ब्रेक नीट असला की वळण नीट घेता येतं, रस्ता तोच राहतो.

म्हणून आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, कामावर-कॉलेजला जाणं टाळताय, किंवा जगणं नकोसं वाटतंय, तर थांबू नका. 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसू नका. आधी तपासून घ्या, मी घेतलं तसं.

माझं पुढे काय झालं? ताईची अवस्था पाहून मी ती गोळी पुन्हा घेतली नाही. समुपदेशकाकडे गेले, कॅन बंद केले, संध्याकाळी अर्धा तास चालायला लागले. पॅनिक त्यानंतरही दोनदा आला. पण तोपर्यंत माहीत होतं, की हा येतो, चढतो आणि उतरतो. मी अभ्यासिकेच्या जिन्यात बसून श्वास सोडत राहिले आणि तो उतरला. परीक्षा? नाही झाले पास. पण आज रात्री अकराला झोपते. ताईसुद्धा. परवाच तिचा फोन आला होता, तिला हा भाग करतेय म्हटलं तर म्हणाली, "माझं सांग बिनधास्त. फक्त नाव नको घेऊ."

तर या आठवड्याचं काम एकच: दुपारी तीननंतर चहा नाही आणि झोपण्याआधी पाच मिनिटं तो श्वास. सात दिवस करा आणि कसं वाटलं ते मला कळवा. आणि तुमच्या खोलीतल्या ज्या कोणाच्या उशाशी ती गोळ्यांची पट्टी आहे, त्याला किंवा तिला हा भाग नक्की पाठवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. आता फोन ठेवा आणि झोपा!